चांगला रस्ता आणि जागा माणूस

रस्त्याला निमित्त करून आपल्या लोकांनी आजवर पुष्कळ तत्त्वज्ञान सांगितले आहे. जीवनाला प्रवास म्हणायचे, माणसाला वाटसरू म्हणायचे, सन्मार्ग आणि कुमार्ग अशा दोन वाटा पाडायच्या आणि संतसज्जनांना वाटाड्या नेमून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी रीत. परंतु या साऱ्या विचारात रस्ता खडतरच गृहीत धरलेला असतो. त्यावर काटे असतात, दगडधोंडे असतात, मध्येच नदीला पूर आलेला असतो. खडतर वाटेवर चालणाऱ्याचा कस लागतो, असे आम्ही मास्तरमंडळी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. वाटच जर उत्तम झाली, काटे निघाले, दगड निघाले, वळणेदेखील निघून गेली, तर चालणाऱ्याचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र कोणी फारसे वळले नाही. तशी वेळच आपल्यावर आली नव्हती.

ती आता आली आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणे गावापर्यंत ७०१ किलोमीटर लांबीचा, सहापदरी, सिमेंट काँक्रीटचा हा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला; मग टप्प्याटप्प्याने काम पुढे सरकत ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून गेलेला त्याचा जोडबोगदा जवळजवळ आठ किलोमीटरांचा आहे. या रस्त्यावर बैलगाडी नाही, सायकल नाही, मोटारसायकल नाही, ट्रॅक्टर नाही. चौक नाही, सिग्नल नाही. जनावरांना पलीकडे जाता यावे म्हणून खालून आणि वरून वेगळ्या वाटा काढून दिल्या आहेत. मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. ज्या भागात पावसाळ्यात तालुक्याच्या गावाला जाऊन संध्याकाळी परत येणे हाही एक पराक्रम समजला जाई, त्या भागाच्या अंगणातून असा रस्ता जावा, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही?

मला कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन आहे, आणि त्या व्यसनापायी माणसांशी बोलत बसण्याचे दुसरे व्यसन जडले आहे. शाळा सुटल्यावर बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाचा कप घेऊन बसावे, म्हणजे तासाभरात चार-दोन ड्रायव्हर सहज भेटतात. गेली तीन वर्षे मी त्यांना या नव्या रस्त्याविषयी विचारीत आलो आहे. इंजिनिअर रस्त्याकडे नकाशावरून पाहतो, पुढारी फीत कापताना पाहतो आणि आपण खिडकीतून पाहतो. ड्रायव्हर मात्र रस्ता तळपायाने आणि तळहाताने वाचीत असतो. तेव्हा रस्ता कसा आहे हे त्यालाच विचारले पाहिजे.

एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालक आहेत. सारा गाव त्यांना काका म्हणतो. ते म्हणाले, "गुरुजी, रस्ता लय चांगला हाय. अन् तोच तर घोर हाय. जुन्या रस्त्यावर खड्डाच आमचा कंडक्टर होता. जरा डोळा लागला की दणका देऊन उठवायचा. या रस्त्यावर तुम्हाला उठवणारं कोणीच नाही."

एका ट्रकवाल्याचे मत अगदी उलट. त्याच्या मते खड्ड्याचे गुणगान करणाऱ्याला स्वतःच्या खिशातून टायर घ्यायला लावावा. "पाटे तुटत नाहीत, डिझेल कमी जळतं, गावागावांत गाडी अडत नाही, आणि एखादं पोर आडवं येईल म्हणून जीव मुठीत धरावा लागत नाही." रस्त्यात त्याला एकच खोट दिसली. दुपारच्या उन्हात सिमेंट तापते, आणि घासलेल्या टायरला ते सोसत नाही. "पण गुरुजी, टायर घासलेला आहे, हा काय रस्त्याचा गुन्हा?" असेही त्यानेच पुढे विचारले.

रुग्णवाहिका चालविणारा एक तरुण आहे. त्याच्यापुढे या रस्त्याची निंदा करण्याची सोय नाही. पूर्वी अत्यवस्थ माणसाला घेऊन मोठ्या शहराकडे निघाले की वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला आतून कण्हणे ऐकू यायचे. आता ते ऐकू येत नाही, एवढेच तो म्हणाला. आणि एक मोटारवाले गृहस्थ भेटले. त्यांची तक्रार वेगळीच. रस्ता ताशी १५० च्या हिशेबाने बांधलेला असताना १२० ला अडवणूक कशासाठी, असे त्यांचे म्हणणे.

ही मते ऐकल्यावर प्रथम वाटते की चौघे चार रस्त्यांविषयी बोलत आहेत. पण जरा विचार केला म्हणजे दिसते की वाद रस्त्याच्या प्रतीविषयी नाहीच. रस्ता चांगला आहे, हे चौघांनाही मान्य आहे. वस्तू चांगली झाली म्हणजे तिच्यावर किती विसंबावे, आणि विसंबून घात झाला तर त्याचा जाब कोणाला विचारावा, याविषयी त्यांचा मतभेद आहे. हा प्रश्न काही इंजिनिअरांचा नव्हे. तो नीतीचा आहे, आणि त्याला माणसांच्या जिवाची किंमत जोडलेली आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सिंदखेडराजा तालुक्यात, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस याच रस्त्यावर उलटली आणि पेटली. २५ माणसे गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री वैजापूरजवळ भाविकांची एक छोटी बस थांबलेल्या ट्रकवर आदळून बारा जण गेले. जिजाऊंच्या माहेरच्या मातीत घडलेल्या त्या पहिल्या घटनेनंतर कित्येक दिवस आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. कोणी रस्त्याला शाप दिला, कोणी ड्रायव्हरला. कोणी त्या जागी जप करून यंत्राचा विधीही केला. दैवाच्या माथी मारले की माणसाची सुटका होते, ही सोय फार जुनी आहे.

आता काकांचे म्हणणे घेऊ. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९७५ साली शिकागो विद्यापीठातील सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने मांडले होते की मोटारीत सुरक्षिततेची साधने वाढली म्हणजे माणूस त्या प्रमाणात अधिक धीट होतो, आणि साधनांनी दिलेला लाभ त्याचा बेफिकीर पाय खाऊन टाकतो. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी साऱ्या देशाने एका पहाटेत डावी बाजू सोडून उजव्या बाजूने वाहने चालवायला सुरुवात केली. सगळ्यांना वाटले, आता हाहाकार होणार. झाले उलटेच. काही काळ अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण भीत भीत, डोळे उघडे ठेवून चालवीत होता. पुढे सवय झाली, भीती गेली आणि अपघात पुन्हा पूर्वीच्या संख्येवर आले. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन पेंगते, याला १९६३ पासून मानसशास्त्रात रस्त्याचे संमोहन असे नावच मिळालेले आहे. तेव्हा काकांच्या कंडक्टराला शास्त्राचा थोडाफार आधार आहे.

तरीही मला त्यांचे म्हणणे पटत नाही. माणसाची आठवण फार उदार असते. ती जुन्या दुःखांची बिले फाडून टाकते. जुन्या रस्त्यावर अपघात होत नव्हते असे नाही. ते एकेकटे होत. शाळेतून परतणारी मुलगी, सायकलवरचा दूधवाला, बैलगाडीखाली कंदील लावायला विसरलेला शेतकरी, अशी एकेक माणसे जात आणि वर्तमानपत्रात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येत. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. ती सगळी काही गुळगुळीत रस्त्यांवर मेली नाहीत. खड्ड्याने ड्रायव्हरला जागे ठेवले असेलही. पण त्याचे मोल बहुधा रस्त्याकडेने चालणाऱ्याने दिले. भीतीने आलेली सावधगिरी ही खरी सावधगिरी नव्हे. छडी पाहून अभ्यास करणारे मूल छडी दूर होताच पुस्तक मिटते, म्हणून छडी चांगली असे कोणताही शहाणा शिक्षक म्हणणार नाही. मूल छडीवाचून अभ्यास करील असे काही करायला हवे, असे तो म्हणेल.

आता मोटारवाल्या गृहस्थांचा विचार करू. त्यांना मी वर्गातले गणित घातले. ७०१ किलोमीटर ताशी १२० ने गेले तर पाच तास पन्नास मिनिटे लागतात. ताशी १०० ने गेले तर सात तास आणि वर एखादे मिनिट. वाचतात ती सत्तर मिनिटे. आता दुसरी बाजू. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो; म्हणून ताशी साठला ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जेवढे अंतर लागते त्याच्या चौपट अंतर १२० ला लागते. आणि ताशी १२० ने जाणारी गाडी तीन सेकंदांत शंभर मीटर जाते. आमच्या शाळेचे मैदान साधारण तेवढेच आहे. तीन सेकंद डोळे मिटून आपण ते मैदान ओलांडायला तयार होऊ का? पायी झालो तरी होणार नाही. गृहस्थ म्हणाले, "पण मी डोळे मिटतच नाही." यावर उत्तर नाही. डोळा लागणाऱ्या प्रत्येकाची ही क्षणापूर्वीपर्यंतची समजूत असते.

परंतु मला खरे अडवले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो रात्रीची खाजगी बस चालवितो. वर्गात हुशार नव्हता, पण खोटे बोलत नसे, म्हणून माझ्या लक्षात राहिलेला. एका सुट्टीत घरी आला, चहा झाला, आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "गुरुजी, एक विचारू? झोप लागणं हा गुन्हा आहे का?"

बसचा अपघात झाला की लोक म्हणतात, ड्रायव्हरला डुलकी लागली. आणि असे म्हणतात की जणू त्याने कोणाचे पाकीट मारले. त्याच्या मनाला ते लागले होते. त्याने मला आपला दिवस सांगितला. सकाळी सहाला गाडी पोचते. धुणे, साफसफाई, हिशेब यांत नऊ वाजतात. पत्र्याच्या खोलीत, दिवसाच्या उकाड्यात, फोन वाजत असताना झोप घ्यायची. संध्याकाळी पुन्हा गाडीवर. "पूर्वी या पल्ल्याला जास्त तास लागायचे, म्हणून मधे एक दिवस सुट्टी मिळायची. आता रस्ता चांगला झाला, तास कमी झाले, म्हणून मालक म्हणतात, रोज जा." आणि किंचित हसून तो म्हणाला, "रस्त्यानं वाचवलेला वेळ आम्हाला नाही मिळाला, गुरुजी."

या एका वाक्याने माझ्या विचारांची दिशा बदलली. तोवर मी रस्ता आणि ड्रायव्हर या दोघांनाच समोरासमोर उभे करून न्याय करीत होतो. त्या दोघांच्या मागे तिसरा कोणी उभा आहे, आणि रस्त्याने वाचवलेले तास उचलून तो केव्हाच चालता झाला आहे, याकडे आपले लक्षच जात नाही. रस्ता झाला तो प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. पण चार तास वाचले तर ते चार तास विश्रांतीचे व्हावेत की आणखी एका फेरीचे, हे रस्ता ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात.

आणि हे काही आपल्याला नव्याने कळलेले नाही. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांचा कायदा केला. त्यात कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवले होते, आणि सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असे सांगितले होते. पुढे त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. आठ तासांचे माप मात्र तेच राहिले. रस्त्यावर खड्डे होते तेव्हाही डोळ्यांना झोप येते हे कायद्याला ठाऊक होते. कायद्याला कळते ते व्यवहाराला कळायला इतका उशीर का लागावा?

माझ्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले ते असे. झोप लागणे हा गुन्हा नाही. भूक लागणे हा जसा गुन्हा नाही, तसेच हे. रामायणाच्या लोककथेत लक्ष्मण चौदा वर्षे जागा राहिला. पण त्याची झोप घरी ऊर्मिलेने स्वीकारली होती, असे ती कथाच सांगते. म्हणजे कथेलासुद्धा झोपेचा हिशेब चुकवता आला नाही! कोणीतरी ती झोपल्याखेरीज भागत नाही. मात्र झोप येणार हे ठाऊक असताना चाकावर बसणे, ही गोष्ट वेगळी. तेथे माणसाला निवड असते, आणि जेथे निवड असते तेथे जबाबदारी येते. परंतु ज्याच्यापुढे 'आज गाडी ने, नाहीतर उद्या येऊ नकोस' एवढीच निवड ठेवली आहे, त्याची निवड किती आणि ती ठेवणाऱ्याची किती, हेही तोलायला हवे. पाप वाटून घेतल्याने कमी होत नाही हे खरे. पण ज्याचे त्याच्याकडे गेले नाही तर ते एकाच गरिबाच्या डोक्यावर बसते, हेही तितकेच खरे.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक नवीन विचार स्वीकारला. तो असा की माणूस चुकणारच. रस्ता असा बांधावा की चुकीला देहान्ताची शिक्षा होऊ नये. प्रथम वाचले तेव्हा मला हा विचार माणसाला फार सूट देणारा वाटला. नीट पाहिले तर तो जबाबदारी कमी करीत नाही, वाढवतो. ड्रायव्हरची होती ती तशीच राहते आणि रस्ता बांधणाऱ्याची तिच्यात मिळते. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात असे कलम आले आहे की रस्त्याची रचना वा देखभाल ठरलेल्या मानाप्रमाणे न केल्याने कोणी मेला वा अपंग झाला, तर संबंधित यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड व्हावा. जिवाच्या मानाने रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव अपघाताच्या बातमीतच वाचायला मिळे. २०१६ पासून तेथे धोक्याच्या जागा एकेक हेरून दुरुस्त करण्याचा, कठडे बसवण्याचा उपक्रम झाला आणि मृत्यू पुष्कळ कमी झाले. घाट तोच होता, पाऊसही तोच होता, आणि माणसे काही एकाएकी साधू झाली नव्हती. मग दैव कोठे गेले?

समृद्धी मार्ग खुला झाला तेव्हा वाटेत थांबण्याच्या सोयी फारच अपुऱ्या होत्या. शेकडो किलोमीटर सरळ रस्ता बांधायचा आणि माणसाला चूळ भरायला, पाठ टेकायला जागा ठेवायची नाही, ही चूक ड्रायव्हरच्या डोळ्यांची नव्हे. माणूस यंत्राप्रमाणे जाईल, असे धरून चालणाऱ्या विचाराची ती चूक आहे. रस्त्याची प्रत केवळ काँक्रीटच्या जाडीवरून ठरवू नये, असे मला म्हणायचे आहे. त्यावरून जाणारा माणूस दमतो, हे बांधणाऱ्याला किती आठवले होते, त्यावरही ती ठरते.

आणि आपण? मालक, सरकार, कंत्राटदार यांना शहाणपण शिकवून लेख संपवणे सोपे आहे. पण बसमध्ये मागे बसलेला मीही या व्यवहारातला एक भागीदार आहे. रात्री जेवून निघावे आणि सकाळच्या चहाला पोचावे, ही मागणी माझी. अर्धा तास उशीर झाला की घड्याळ दाखवणारा मी. दोन गाड्यांत जी लवकर पोचवील तिचे तिकीट काढणारा मी. आपण विकत घेतो तो वेग कोणाच्या तरी झोपेतून कापलेला असतो, हे तिकिटावर छापलेले नसते एवढेच.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आपण कोजागरी करतो. त्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि कोण जागे आहे असे विचारते, जो जागा असेल त्याच्या घरी ती जाते, अशी आपली श्रद्धा. समृद्धी हे तिचेच दुसरे नाव. आमच्या जिल्ह्यातून तिच्या नावाचा रस्ता गेला आणि तिचा प्रश्न रोज रात्री त्या रस्त्यावर विचारला जाऊ लागला. त्याला उत्तर द्यायला एकट्या ड्रायव्हरला उभे करणे मला अन्यायाचे वाटते. त्याला दिवसा झोपू देणारा मालक जागा हवा, थांबायला जागा ठेवणारा इंजिनिअर जागा हवा, टायर तपासणारा अधिकारी जागा हवा, आणि निदान गाडीत चढताना तरी प्रवासी जागा हवा. इतकी माणसे आपापल्या वेळी जागी असली, तर एका माणसाला रात्रभर साऱ्यांचे जागरण करावे लागणार नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर कोणी ना कोणी यायचे असेल. पुण्याहून मुलगा, मुंबईहून लेक-जावई, नागपूरहून भाऊ. बहुतेक जण रात्रीच्याच गाडीने येतील. त्यांना फोन कराल तेव्हा "किती वाजता पोचशील?" असे विचारण्याची आपली पद्धत आहे. त्याबरोबर आणखी एक विचारावे: ड्रायव्हर जेवला का, आणि गाडी मध्ये कुठे थांबली का? गाडी अर्धा तास उशिरा आली तर अभ्यंगाचे पाणी पुन्हा तापवता येते. माझ्या विद्यार्थ्याची आईही दर दिवाळीला पाणी तापवून वाट पाहत असते. फक्त त्याची दिवाळी इतर सर्वांना पोचवून झाल्यावर सुरू होते.